कार्ड नंबर चारशे सत्तावीस

अक्कलकोट रोडच्या विडी कारखान्यात
तंबाखूची धूळ कीबोर्डच्या फटीत बसते,
स्पेसबार दोनदा दाबावा लागतो.
बाहेर रांग, मांडीशी टोपल्या.
आत मी, आणि ईरय्या स्वामी,
तेवीस वर्षं वह्या लिहिलेला माणूस.
माउस धरतो जपून, गरम कपासारखा.

त्याला सांगितलं :
आईचं टेबल वेगळं. नाव, गल्ली, कार्ड नंबर.
लेकरांचं वेगळं. तारीख, पान किती, तंबाखू किती,
विड्या किती, छाट किती.
प्रत्येक लेकराच्या खिशात आईचा नंबर.

"मग हे समोर दिसलालंय ते कुठलं?"

हे टेबल नाही, ही खिडकी.
हिच्यात काहीच ठेवलेलं नसतं.
उघडली की दोन्हीकडचं शेजारी दिसतं,
मिटली की जिथलं तिथं.

"सुपासारखं म्हणा की ओ.
विड्या मांडीवरल्या सुपात वळायच्या,
सुपात कोण साठवतंय?"

तीन दिवस मी शब्द शोधत होते,
त्याने चहाच्या दोन घोटांत दिला.

खिडकीतून बघणं सोपं.
खिडकीतून काही आत द्यायचं
तर मागे कुणीतरी उभं लागतं :
हे आईचं, इकडे. हे लेकराचं, तिकडे.
थांब, आधी आईला नंबर मिळू दे.
त्या मागच्याला शिकवता शिकवता रात्रीचे अडीच वाजले.
शेजारचे माग बंद पडले तेव्हा कळलं
इतका वेळ ते चालू होते.

बुधवारी नर्सुबाई बुरा नाहीशी झाली.

"चारशे सत्तावीस सापडंना की ओ मॅडम."
ईरय्याने वर खाली, वर खाली केलं.
चारशे सव्वीस होती. अठ्ठावीस होती.
मधे तिची जागासुद्धा नव्हती,
बाकीच्या ओळी सरकून बसल्या होत्या.
आणि ती काउंटरपलीकडे उभी,
उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये,
फंडाचा कागद मागत.

"नेनु इक्कडे उन्ना कदा!"

"मी हितंच हाय की, म्हणती," ईरय्या म्हणाला,
जणू मला तेवढंही कळत नव्हतं.
विडी घरकुलात वाढलेय मी.

चूक एका शब्दाची होती.
दोन्हीकडे जुळेल तेच दाखव, असं लिहिलं होतं मी.
म्हणजे ज्या आईला या महिन्यात लेकरू नाही
ती आईच नाही.
मुद्दाम नाही. हाताला तीच सवय.
टेबलात ती होती, ठणठणीत, नाव गल्लीसकट,
माझ्या खिडकीला तेवढी दिसत नव्हती.

शब्द बदलला : डावीकडचं सगळं घे,
उजवीकडे काही असो वा नसो.

आली. नाव, गल्ली, चारशे सत्तावीस,
पुढे पाच रिकामी घरं.

"शून्य भरू?"
नको.
शून्य म्हणजे बसली, आणि काही झालं नाही.
रिकामं म्हणजे बसायला हातच नव्हता.
ईरय्याने बोट मागे घेतलं.
वहीत त्याने अशा जागी आडवी रेघ मारली असती;
रेघेत दोन्ही मावायचं.

मला माझ्या आईचं कार्ड आठवलं,
एकशे बारा, कोपरे मऊ पडलेलं.
नऊ वर्षांची असल्यापासून त्यावरच्या हजारातल्या
तीनशे माझ्या.
दोरा मी दातांनी तोडायचे, कात्री तिच्याकडे.
चेकर मोजायचा, तिचं नाव लिहायचा.
त्या कार्डावर दुसऱ्या नावाला ओळ नव्हती.
आज मी बनवलेल्या फॉर्मवरही नाही.
विचारलं कुणी नाही. मीही नाही.

प्रिंटर दोनदा अडखळला, मग कागद आला.
ईरय्याने शाईची डबी पुढे सरकवली.
नर्सुबाईने प्लास्टर काउंटरवर टेकवलं
आणि डावा अंगठा उठवला,
जरा वाकडा,
चौकटीच्या बाहेर.